वजन कमी करा, एवढ्यावर मी थांबले नाही

पाळी लांबते म्हटलं की आमच्याकडे दोनच उत्तरं तयार असतात. मुलगी लग्नाची असेल तर ‘लग्न झालं की सगळं सुरळीत होईल’, आणि लग्न झालेली, अंगानं भरलेली असेल तर ‘वजन कमी कर’. मला दुसरं उत्तर मिळालं. घरात मिळालं, पतसंस्थेत मैत्रिणींकडून मिळालं आणि दवाखान्यातही मिळालं. ते खोटं नव्हतं. माझ्या बाबतीत वजनाचा वाटा मोठाच निघाला. पण तेवढं ऐकून गप्प बसले असते तर हिमोग्लोबिन किती खाली गेलंय, साखर कुठवर आलीय आणि गर्भाशयाच्या आतल्या अस्तराची काय अवस्था आहे, हे कळायला आणखी काही वर्षं गेली असती. म्हणून झालं ते सगळं लिहून काढते आहे.

मी अमळनेरची, वय 36. पतसंस्थेत कॅश काउंटरला बसते. मुलगा शाळेत जातो, बाळंतपण सोपं झालं होतं आणि त्यानंतरची काही वर्षं पाळी वेळेवर होती. मग ती हळूहळू सरकायला लागली. आधी दीड महिना, मग दोन, पुढे अडीच-तीन महिन्यांनी. आणि आली की जायचं नाव नाही. गाठी पडायच्या, रात्री दोनदा उठून पॅड बदलावं लागायचं, काउंटरवरून उठताना साडीकडे आधी बघावं लागायचं. त्याच काळात वजन 62 वरून 76 किलोवर गेलं होतं. उंची माझी पाच फूट एक इंच.

सासूबाई म्हणाल्या, “तुनं आंग भरी गयं, म्हनीसन असं व्हई राहिनं.” त्या रागानं नाही, काळजीनंच म्हणाल्या. मग तीळ-गूळ, पपई, ओव्याचं पाणी असं सगळं झालं. पाळी यायची तेव्हाच आली.

पहिल्यांदा गेले ते गावातल्याच एका दवाखान्यात. तिथं वजनकाट्यावर उभं केलं, ‘वजन कमी करा, भात-बटाटा बंद करा’ म्हटलं आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी आली. घरात सगळ्यांना वाटलं, झालं बरं. पुढच्या महिन्यात पुन्हा काही नाही. परत गेले तर परत त्याच गोळ्या. रक्त तपासलं नाही, सोनोग्राफी नाही, घरात कोणाला काय आजार आहे हेही विचारलं नाही. त्या गोळ्या प्रोजेस्टेरॉन या हॉर्मोनच्या असतात. त्या बंद केल्या की अस्तर गळतं आणि रक्तस्राव होतो. म्हणजे पाळी आणून देतात, पण ती का येत नव्हती याचं उत्तर त्यांच्यात नसतं. मला हे तेव्हा कोणी समजावून सांगायला हवं होतं.

जळगावच्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमकडे जायचं नणंदेनं सुचवलं. पाळीच्याच तक्रारीवर त्यांनी तिचा थायरॉइड पकडला होता. सकाळच्या गाडीनं धरणगाव, पाळधी करत जळगावला उतरलो. सोबत नणंदच होती.

मॅडमनी पहिला प्रश्न विचारला तो तारखांचा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी गोल करून ठेवले होते, त्याचे फोटो मोबाइलमध्ये होते. ते बघून त्या मनापासून खूश झाल्या. त्यांनी सांगितलं ते इथं सांगते, कारण यात फार गोंधळ होतो. रक्तस्रावाच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. आमच्याकडे बऱ्याच बाया डोक्यावरून पाणी घेतल्यापासून मोजतात, त्यात चार-पाच दिवस हरवतात आणि उगाच पाळी लवकर आल्यासारखी वाटते. मोठ्या बाईला 21 ते 35 दिवसांत केव्हाही पाळी आली तर ती नियमितच. दर महिन्याला तीच तारीख यायला हवी असं काही नसतं. आठ दिवसांपेक्षा जास्त रक्तस्राव, दोन पाळ्यांच्या मध्येच डाग दिसणं किंवा तीन महिने पाळीच न येणं, यातलं काही असेल तर मात्र दाखवायचं.

दुसरा प्रश्न, कानबाईसाठी किंवा लग्नकार्यासाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या होत्या का? आपल्या खान्देशात हा प्रश्न विचारावाच लागतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, घरात रोट असतात, सगळी भाऊबंदकी जमते आणि अडचण नको म्हणून बाया थेट मेडिकलवरून गोळ्या आणतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाताना, सप्तशृंगीच्या गडावर पायी जाताना तेच. मी घेतल्या नव्हत्या, माझ्या जाऊबाई घेतात. मॅडमचं म्हणणं असं की कधीतरी, डॉक्टरांना विचारून घेतल्या तर घाबरायचं कारण नाही. पण पायाच्या शिरेत किंवा फुफ्फुसात कधी गुठळी झाली असेल, लिव्हरचा त्रास असेल तर त्या आपल्या मनानं घ्यायच्याच नाहीत, आणि वजन जास्त असेल तरी आधी विचारायचं. शिवाय गोळ्यांनी हललेली तारीख कॅलेंडरवर वेगळ्या खुणेनं लिहायची, नाहीतर पुढचं सगळं गणित चुकतं. देवाच्या कार्यात पाळीची अडचण मानायचीच का, हा प्रश्न मला स्वतःला फार दिवसांपासून छळतो. पण तो आमच्या घराचा आहे, त्याचं उत्तर मॅडमकडे कसं असेल?

तिसरा प्रश्न मला अगदीच अनपेक्षित होता. रोज कुठल्या गोळ्या घेता? मी म्हटलं, काहीच नाही. नणंद मध्येच म्हणाली, “वहिनी, ती पित्ताची?” शेवभाजी आणि ठेच्याच्या घरात पित्ताची कॅप्सूल औषधात मोजलीच जात नाही. पर्समध्ये पाकीट होतंच. मॅडमनी ते उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचली आणि एका नावावर पेन टेकवला. डोम्पेरिडोन. मळमळीसाठी असतं ते. या औषधानं प्रोलॅक्टिन नावाचं हॉर्मोन वाढतं आणि ते वाढलं की पाळी लांबू शकते. बाळाला पाजणाऱ्या आईची पाळी बंद असते, तीही याच हॉर्मोनमुळे. काही मानसिक आजारांच्या गोळ्यांनीही असंच होतं. त्या मात्र मनानं बंद करायच्या नसतात, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगायचं असतं.

मग तपासणी. वजन, उंची झाली. टेपनं कंबर मोजली, ती 98 सेंटीमीटर भरली. भारतीय बाईची 80 च्या आत असावी. हनुवटीवरचे केस मी पार्लरला जाऊन काढत होते, तेही त्यांनी विचारून घेतले. आणि मग त्यांनी माझा पदर जरा बाजूला करून मानेची मागची बाजू पाहिली.

त्या मानेबद्दल मला लिहायलाच हवं. वर्षभर माझी मान मागून काळी पडत चालली होती. घड्यांमध्ये जाडसर, मखमलीसारखी झाली होती. सोन्याच्या साखळीनं होतं म्हणून मी साखळी काढली. घामानं होतं म्हणून बेसन, लिंबू, दगड, सगळ्यानं घासलं. आई आली की म्हणायची, मान नीट धुत जा ना. मॅडम म्हणाल्या, हा मळ नाही, घासू नका. शरीरात इन्सुलिन जास्त झालं की मानेवर, काखेत कातडी अशी होते. साखरेच्या आजाराची ती आगाऊ सूचना असते. आता मी बसमध्ये, लग्नात एखाद्या मुलीची तशी मान बघते तेव्हा तिच्या आईशी बोलावंसं वाटतं. ओळखीची असेल तर बोलतेही.

तपासण्यांची यादी मोठी होती, पण प्रत्येकीचं कारण त्यांनी सांगितलं. सगळ्यात आधी लघवीची गर्भचाचणी. मी म्हटलं, तशी काही शक्यता नाही. त्या म्हणाल्या, पाळी लांबलेल्या प्रत्येक बाईची आधी हीच करायची. मग हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हॉर्मोन, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीएवनसी, आणि उपाशीपोटी व ग्लुकोज पिऊन दोन तासांनी अशी दोनदा साखर. त्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं लागलं. गाडीत शेजारी कोणी पोहे खात होतं आणि मी पाण्याच्या घोटावर. 75 ग्रॅम ग्लुकोजचं ते पाणी एका दमात पिणं कठीणच जातं, लॅबमधल्या ताईनं त्यात लिंबू पिळून दिलं तेव्हा कुठं उतरलं.

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ हा बोर्ड होता आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन बसलेल्या बाया होत्या. पोटावरून सोनोग्राफी करायची तर लघवी दाटून यायला लागते. लग्न न झालेल्या मुलींची अशी पोटावरूनच करतात, त्यामुळे आईनं त्या भीतीनं मुलीला मागे ठेवायचं कारण नाही. माझी पोटावरून झाली आणि अस्तर नीट दिसावं म्हणून नंतर आतूनही झाली. थोडं अवघडल्यासारखं होतं, दुखत नाही.

रिपोर्ट आले. थायरॉइड नॉर्मल. हिमोग्लोबिन 8.9. बाईचं किमान 12 असायला हवं, म्हणजे जिना चढताना लागणारी धाप वजनाची समजत होते त्यात रक्ताचीही होती. उपाशीपोटी साखर 108, दोन तासांनंतरची 168, एचबीएवनसी 6.1. डायबेटिस नाही, पण उंबरठ्यावर. टेस्टोस्टेरॉन वरच्या काठाला. प्रोलॅक्टिन वाढलेलं. पित्ताची ती कॅप्सूल बंद करून काही दिवसांनी, सकाळी, लॅबमध्ये शांत बसवून पुन्हा रक्त घेतलं तर ते नॉर्मल निघालं. नसतं निघालं तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा एमआरआय करावा लागला असता. गोळ्यांचं पाकीट वाचायला एक मिनिट गेलं होतं, आणि त्यावर केवढा खर्च आणि केवढी धास्ती वाचली!

सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांवर लहान लहान बीजकोष दिसले. निदान झालं पीसीओएस, आपल्याकडे पीसीओडी म्हणतात तेच. अनियमित बीज सुटणं, पुरुषी हॉर्मोन जास्त असणं आणि सोनोग्राफीतलं हे चित्र, या तिन्हींतल्या दोन गोष्टी असल्या आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिनसारखी दुसरी कारणं नसली की हे नाव देतात. ‘अंडाशयात गाठी’ ऐकून आईनं डोळ्याला पदर लावला होता. त्या ऑपरेशन करून काढायच्या गाठी नसतात, अर्ध्यावर वाढ थांबलेले बीजकोष असतात.

पण माझ्या मॅडमचं लक्ष तिसऱ्याच आकड्यावर होतं. अस्तराची जाडी. ती 16 मिलीमीटर होती.

इथं त्यांनी वजनाचं कोडं उलगडून सांगितलं, आणि मला पहिल्यांदा कळलं की वजन आणि पाळी यांचा संबंध नेमका कुठं लागतो. चरबी नुसती साठून राहत नाही, ती हॉर्मोन बनवते. शरीरातल्या पुरुषी हॉर्मोनचं इस्ट्रोजेन या बायकी हॉर्मोनमध्ये रूपांतर चरबीत होत राहतं, त्यामुळे चरबी जास्त तर हे इस्ट्रोजेनही जास्त. त्यातच पोटावरची चरबी वाढली की इन्सुलिनला शरीर दाद देत नाही, मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. ते जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हॉर्मोन बनवायला लावतं आणि त्या हॉर्मोनला बांधून ठेवणारं प्रथिन लिव्हर कमी बनवतं. झालं, बीज सुटत नाही. बीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन नाही. इस्ट्रोजेन अस्तर वाढवत राहतं आणि ते वेळेवर गळवणारं कोणी नसतं. मॅडम शेतकऱ्याघरच्या असाव्यात, म्हणाल्या, कापूस फुटतोय, फुटतोय आणि वेचणीच नाही, तसं झालंय. मग कधीतरी ते जाड अस्तर आपल्या भारानं, वेडंवाकडं, आठवडे आठवडे सुटतं. माझा रक्तस्राव तो होता. आणि वर्षानुवर्षं असंच चाललं तर त्या अस्तरात कॅन्सरकडे नेणारे बदल होऊ शकतात.

म्हणून अस्तराचा तुकडा तपासायला पाठवायचा ठरला. बारीक नळीनं दवाखान्यातच घेतात. पाळीच्या पहिल्या दिवसाची कळ असते तशी जोराची कळ आली, थोड्या वेळानं ओसरली. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मात्र फार जड गेले. काउंटरवर नोटा मोजताना आकडा विसरायचे. रिपोर्ट चांगला आला. अस्तर इस्ट्रोजेनच्या जोरावर वाढलेलं, पण पेशींत वाईट बदल काही नाही. त्या रात्री सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

माझ्या कारणांची ही गोष्ट झाली, पण दुसरीची तीच असेल असं नाही. हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. नणंदेचा थायरॉइड होता, तिचं वजन त्यामुळेच वाढलं होतं आणि गोळी सुरू झाल्यावर पाळी जाग्यावर आली. माझी मोठी बहीण 46 ची आहे, तिची पाळी जायच्या वयात मागेपुढे होतेय. शेजारच्या वहिनींना गर्भाशयात फायब्रॉइड, म्हणजे साधी मांसल गाठ, निघाला. आणि आमच्या गल्लीतली एक पोरगी पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे मैदानावर पळायची, संध्याकाळी परत पळायची आणि वजन वाढू नये म्हणून एक वेळ जेवायची. तिची पाळी सहा महिने बंद. तिलाही कोणीतरी ‘पीसीओडी असेल, वजन उतरव’ म्हणालं होतं! शरीराला अन्न पुरत नसेल तर मेंदूच पाळीचे संदेश थांबवतो, तिला खायला हवं होतं. परीक्षेचा ताण, झोपेची मोडतोड यांनीही हेच होतं. तक्रार एकच, उपचार अगदी उलटे. बारीक अंगाच्या बाईलाही पीसीओएस असतो आणि जाड बाईची पाळी अगदी घड्याळासारखी असू शकते. काटा बघून निदान होत नाही, एवढं मला या सगळ्यातून पक्कं कळलं.

उपचारात लोहाच्या गोळ्या आल्या. त्या चहासोबत घ्यायच्या नाहीत, लिंबू चालतं. शरीरानं इन्सुलिनला दाद द्यावी म्हणून मेटफॉर्मिन आलं, पहिले काही आठवडे पोट बिघडायचं, जेवणासोबत घेतल्यावर सोसलं. आणि दर महिन्याला ठरलेल्या तारखांना प्रोजेस्टेरॉन, म्हणजे अस्तर साठू द्यायचं नाही. नाव तेच, पण या वेळी कशासाठी ते मला माहीत होतं.

वजनाबद्दल मॅडमनी 76 वरून एकदम 55 चं स्वप्न दाखवलं नाही. पाच ते दहा टक्के उतरवा म्हणाल्या, म्हणजे चार ते साडेसात किलो. तेवढ्यानंही बऱ्याच बायांची बीज सुटण्याची क्रिया सुरू होते. आहारतज्ज्ञ ताईंनी आमचं जेवण मोडलं नाही, याचं मला फार बरं वाटलं. कळण्याची भाकरी ठेवा म्हणाल्या, ज्वारी-उडदाची ती, पोटभरीची असते. बदल केला तो तेलात. आमच्याकडे शेवभाजीवर तर्री दिसली नाही तर भाजी फिकी समजतात आणि भरीत तर शेंगदाण्याच्या तेलातच पोहतं. माणशी महिन्याला अर्धा लिटर, हा हिशेब त्यांनी दिला. आम्ही पाच जण, म्हणजे अडीच लिटर. पहिल्या महिन्यात बरणीवर खूण करून ठेवली तेव्हा दिसलं, आम्ही जवळजवळ दुप्पट वापरत होतो. सासूबाईंना हा हिशेब पटला, कारण तो फक्त माझ्यासाठी नव्हता, सासऱ्यांच्या बीपीलाही तोच होता. दुपारी काउंटरवरचा फरसाण-चहा सुटला, त्याऐवजी भाजलेले शेंगदाणे मूठभर आणि ताक.

चालणं उन्हाळ्यात अवघड गेलं. मे महिन्यात आपल्याकडे सकाळी आठलाच ऊन चटका देतं, म्हणून साडेपाचला निघायचे. एकटी बाई अंधारात कशाला, म्हणून नवरा सोबत यायला लागला आणि पुढं त्यालाही गोडी लागली. मधले दोन महिने काटा जागचा हलला नाही. तेव्हा मॅडमनी टेपनं कंबर मोजून दाखवली, ती कमी झाली होती.

वर्षभरात वजन 69 वर आलं. हिमोग्लोबिन 12 च्या वर गेलं. मानेचा काळेपणा पुरता गेलेला नाही, पण कातडी मऊ झालीय. प्रोजेस्टेरॉन बंद करून पाहिलं तेव्हा पाळी आपोआप आली, आता पस्तीस दिवसांच्या आतबाहेर येते, पाच दिवसांत थांबते. सोनोग्राफीत अस्तर पातळ झालंय. मेटफॉर्मिन अजून चालू आहे. पीसीओएस मुळापासून जात नाही, म्हणून दरवर्षी साखर बघायची आणि तीन महिने पाळी आली नाही तर वाट न बघता यायचं, असं मॅडमनी फाइलवर लिहून दिलंय.

भाचीची पाळी दीड वर्षापूर्वी सुरू झाली, चाळीस-चाळीस दिवसांनी येते म्हणून बहिणीच्या जिवाला घोर. पहिली दोन-तीन वर्षं मुलींचं असं 45 दिवसांपर्यंत चालतं, हे मी मॅडमना विचारून तिला कळवलं. तरी तिला कॅलेंडर लावून दिलंय. तीन महिन्यांचा खंड पडला किंवा रक्त फार जायला लागलं, तर जळगावला माझ्यासोबत यायचं ठरलंय.